कुंडलीचा कॉम्प्युटर

—नाही हो भटूभाऊ, कॉम्प्युटरचा पंखा नाही, पंखा मागच्याच महिन्यात बदलला. तुमच्याआधी दोघं येऊन गेले ना! पहिल्यानं आतल्या पट्ट्या काढल्या आणि पोरांचं खोडरबर घेऊन घासत बसला — मी म्हटलं, काय, पाढे चुकले का याचे? दुसरा म्हणाला, व्हायरस शे. झालं! आमच्या ह्यांनी त्या दिवसापासून शेजारच्या भागाबाईला या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, का, तर तिला खोकला आहे. आणि तुम्ही जळगावहून येष्टीनं धुळ्याला आलात, दोन तास झाले खोलून बसलात — एकदा तरी बंद पडला का? नाही पडणार. पाहुण्यांसमोर मोठा गुणाचा. ह्यांच्यासमोर मात्र टप्प! पडदा काळा. मग आपला आपण चालू होतो आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे मोजत बसतो, जसं काही झालंच नाही.

कधी पडतो? हे कुंडल्या जुळवायला बसले की. छापायला घेतलं की नेमका. हे पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं होते भाऊ, तोंडी सांगितलेलं काही मानत नाहीत. कडेला भोकं असलेल्या कागदावर छापून आलं की मग खरं. आमच्या गल्लीतल्या सहा लग्नांचा निकाल या खोक्यानं लावला. दोन मोडली. हे म्हणतात, मी नाही मोडली, मशीननं मोडली.

त्या वेळी घरात दुसरं काय चालू असतं? काय असणार — टीव्ही म्हणा, मिक्सर म्हणा... मोटर. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची. काय? एकाच लाइनीवर दोन्ही? मोटर ओढते आणि याला वीज कमी पडते? अगं बाई! बघा, आम्हा बायकांना काय कळतं यातलं—

असं बघू नका माझ्याकडे. कळतं. होळीपासून कळतं. एकदा सहज मोटर लावली आणि आतून ह्यांची आरोळी, ‘गेला, गेला!’ मला वाटलं कोण गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिली, खात्री करायला. पुन्हा आरोळी. मग काय, हे खुर्चीत बसले की मी भाकरी तव्यावर सोडून बटणापाशी. टाकी भरून वाहते, भागाबाईच्या पापडांवर धार लागते, ती बठ्ठी गल्ली डोक्यावर घेते — आमच्याकडे चौथ्या दिवशी नळ येतो आणि मी पाणी गच्चीवरून सांडते, मला काय हौस आहे का?

छायासाठी. माझी पोरगी हो, मघाशी तुम्हाला पाणी दिलं ती. दोंडाईच्याच्या शाळेत गणित शिकवणारा मुलगा आहे, तिनं स्वतः पाहिलेला. मला पसंत. हे होळीच्या आधी एकदा या पडद्यासमोरून उठले ते तोंड एवढंसं करून. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, छापून येऊ दे, मग बोलू. मी समजले. नाही जुळलं. मग छापू देते होय मी? हे तुम्ही त्यांना सांगायचं नाही भटूभाऊ. व्हायरस सांगा. मोठा आहे म्हणावं, जाणार नाही.

ही कसली पेटी लावताय आता? बॅटरीची? म्हणजे वीज कमी पडली तरी... छापून बघणार? कशाला छापून बघायचं, चालतोय ना! थांबा, जरा थांबा, मी टाकी — टाकीत पाणी नाही वाटतं—

लावली की हो मोटर! ऐकू येतेय ना घरघर? आणि हा ढिम्म! छापतोय मेला, कर्र कर्र करत. ओढा ना तो कागद. द्या, द्या इकडे, फाडते मी, छाया घरी आहे, तिच्या हाती—

हे काय? वर — बन्सीलाल. अहो, हे तर ह्यांचं नाव! वधू, इंदिरा... इंदिरा मी. जन्मस्थळ पारोळा. माझंच. हे कुणाचं छापलंत तुम्ही? छायाचं काढा. नाही? तिचं नावच नाही यात? नीट बघा. पोरीचं जुळवलंच नाही ह्यांनी? आधी स्वतःवर चालवून बघितलं... गुण छत्तीसपैकी साडेसात. साडेसात! अठ्ठावीस वर्षं झाली हो, चार वेळा बदल्या, धरणावरच्या पत्र्याच्या खोल्या, ह्यांना कावीळ झाली तो उन्हाळा — साडेसात? म्हणून तोंड तेवढंसं करून उठले होते. आणि मला बोलले नाहीत.

काय म्हणालात? पाच वेळा? हीच कुंडली पाच वेळा घातलीय? रोज नव्यानं? आकडा वाढतो का बघत होते...

फाटक वाजलं. आले वाटतं. नाही, तुम्ही बसू नका आता. मशीन ठीक आहे म्हणून सांगा आणि निघा. चहा? चहा नाही मिळायचा आज. तो कागद राहू द्या माझ्याकडे, आणि जाताना दार ओढून घ्या.