बिनभोपळ्याची फुलं

सून : बॅगा दारात आणून ठेवल्यात, बाबा. मोठे भावजी दुपारी गाडी घेऊन येतील तुम्हाला न्यायला, तेव्हा मी घरी नसेन. आणि तुम्ही अजून गच्चीवरच.

सासरे : पाच मिनिटं थांब. हे शिकून घे, मी गेल्यावर तुलाच करायचंय.

सून : मला नऊला दवाखाना उघडायचाय. डॉक्टरीणबाई माझ्या आधी पोचल्या की दिवसभर तोंड फुगवून बसतात.

सासरे : हे फूल बघ. नुसता लांब देठ. हे नर. आणि या दुसऱ्याच्या खाली सुपारीएवढा भोपळा दिसतोय ना, ते मादी. नराच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीत हलकेच फिरवायचा. सकाळीच. ऊन चढलं की फूल मिटतं.

सून : ते मधमाश्या करतात की.

सासरे : करतात, पण इतक्या वर कमी येतात. आल्या तर त्यांचे उपकार.

सून : उपकार? तुमच्या तोंडी हा शब्द? आत्ताआत्तापर्यंत तुम्हाला पाऊससुद्धा तिरका पडलेला खपत नव्हता.

सासरे : हसणार नसशील तर एक सांगतो. सुरुवातीला या वेलाला एकही भोपळा धरत नव्हता, आठवतं?

सून : आठवतं तर. सगळ्यांचं डोकं खाल्लंत. बी खोटं, माती खोटी, मी आणलेली कुंडीही खोटी.

सासरे : वेल ठणठणीत होता. मीच रोज सकाळी नर फुलं खुडून टाकत होतो.

सून : का पण?

सासरे : खाली भोपळा नाही, म्हणजे बिनकामाचं. बेअरिंगच्या कारखान्यात उभा जन्म तेच केलं ना. पट्ट्यावरून माल यायचा, खोट दिसली की उचलायची आणि लाल डब्यात टाकायची. इथे लाल डबा नव्हता, एवढाच काय तो फरक.

सून : अहो, म्हणजे सगळीच?

सासरे : सगळी. नर्सरीवाल्या बाई पोट धरधरून हसल्या. म्हणाल्या, आजोबा, नवरदेवांना हाकलून दिलंत आणि आता पाळणा का हलत नाही म्हणून मला विचारताय.

सून : हे घरात कुणाला बोलला नाहीत कधी.

सासरे : कुठल्या तोंडाने बोलणार? दुसऱ्यांच्या चुका दाखवत फिरणारा माणूस मी.

सून : चहा घ्या, निवतोय.

सासरे : ठेव इथे, कठड्यावर. तर मग खुडणं बंद केलं. हाताला कामच उरलं नाही, म्हणून स्टुलावर नुसता बसायला लागलो. कारखान्यात चांगला माल माझ्यासमोरून सरळ पुढे निघून जायचा बघ. हातात थांबायची ती फक्त खोट. चांगल्याकडे बघत बसायचं, हे मला इथे पहिल्यांदा जमलं. आणि मग ती बादली दिसली.

सून : कुठली बादली?

सासरे : तांदूळ, भाज्या धुतलेल्या पाण्याची. रोज मी वर येतो तेव्हा भरून ठेवलेली असते. मी ती नळासारखी गृहीत धरून चाललो होतो. एकदा लवकर जाग आली, बघतो तर तू जिन्यात बादली टेकवून दम खात बसली होतीस.

सून : मला नाही दिसलात.

सासरे : मागच्या मागे फिरलो. लाज वाटली.

सून : मग दुसरं कोण आणणार? तुमचा मुलगा? त्याला उठवायलाच मला वेगळी बादली लागते.

सासरे : माझ्यावर चिडलेली असायचीस, तेव्हाही आणायचीस?

सून : तेव्हा तर काठोकाठ भरायची. रागात वजन कळत नाही.

सासरे : त्या दिवसापासून एकेक दिसायलाच लागलं. गोळ्यांची डबी भरलेली. चष्मा पुसलेला. सदऱ्याचं तुटलेलं बटण जागेवर. आणि मी तोंड उघडायचो ते फक्त भाजीत मीठ कमी पडलं की.

सून : बाबा, आता नका हे ऐकवू मला. तुम्हाला तिकडे पाठवायचं कुणी ठरवलं, माहितीय ना?

सासरे : तू. भिंती पातळ आहेत आपल्या.

सून : मी तुमच्या मुलाला म्हटलं, एक तर ते राहतील नाहीतर मी. ताट पुढे ठेवलं की मी दाराआड जाऊन ऐकत उभी राहायचे. आता काय नाव ठेवतील, आता काय काढतील.

सासरे : काही चुकीचं बोलली नाहीस. मी राहायला मिळावं म्हणून हे बोलत नाहीये, मी जाणार आहे. पण न सांगता गेलो असतो तर तिकडे घास उतरला नसता मला. माझं फार केलंस तू, पोरी. सख्ख्या लेकीनं केलं नसतं इतकं. एवढंच सांगायचं होतं.

(ती पर्स खाली ठेवते आणि वेलाजवळ येते.)

सून : ते फूल द्या इकडे. कसं फिरवायचं म्हणालात?

सासरे : हलकेच. दाबू नकोस. हं, असं. छान करतेयस.

सून : परत म्हणा.

सासरे : छान करतेयस.

सून : हे धरलं की नाही, कधी कळतं?

सासरे : चार-पाच दिवस जाऊ द्यावे लागतात. गळून पडलं नाही, तर धरलं.

सून : थांबा, एक फोन करते. हॅलो, भावजी? निघालात का घरून? नाही ना, बरं झालं. निघू नका. म्हणजे भेटायला या कधीही, पण बाबांना न्यायला नको. नाही हो, तब्येत ठीक आहे त्यांची. नाही, त्यांनी एका शब्दाने राहतो म्हटलेलं नाही, ते तर जायला तयार होऊन बसलेत. मी म्हणतेय, भावजी. मला हवेत ते इथे.