अळणी

चारुशीला : कपाळावर आहेत, हनुवटीवर आहेत, गालांवर थोड्या. मानेवर एकही नाही. पाठीवर नाही, काखेत नाही. घामोळं असतं तर आधी तिथं उठलं असतं.

प्रेमला : मार्गशीर्षात घामोळं कुणी म्हटलं? पुटकुळ्या आहेत. म्हातारी कातडी, चारू. काहीही उठतं तिच्यावर.

चारुशीला : खाजत नाहीत म्हणते. दाबलं तर दुखत नाहीत. अंग गार आहे. सत्तरीच्या बाईला सोळाव्या वर्षीच्या पुटकुळ्या का याव्यात?

प्रेमला : तू उस्मानाबादच्या शाळेत रसायन शिकव. उमरग्यातला हा दवाखाना मी आणि डॉक्टर चालवतो.

चारुशीला : म्हणून तुलाच विचारते आहे. आई, हात पुढं कर. बोटं पसर. अशी.

कस्तुराबाई : आँ? बांगड्या भरायच्या काय?

चारुशीला : बांगड्या नाहीत, आई. नुसतं बघते. प्रेमला, थरथर बघ. आणि बोलणं ऐक तिचं, जीभ जड झाली आहे. मी विचारलं तेव्हा दसऱ्याला तू म्हणालीस, वय झालं. मागच्या महिन्यात म्हणालीस, मेंदू सुकतो, सगळ्यांचाच सुकतो. रात्री तिला काय देतेस?

प्रेमला : दूध.

चारुशीला : दुधातून?

प्रेमला : मावशींना झोप लागत नाही.

चारुशीला : मी ते विचारलं नाही.

प्रेमला : झोपेचं औषध देते. ब्रोमाइडचं मिश्रण, चमचाभर. सगळीकडं देतात. डॉक्टरांनीच सांगितलंय.

चारुशीला : कधीपासून?

प्रेमला : पोळ्यापासून. आणि असं बघू नकोस माझ्याकडं. रात्रभर ओरडायच्या. "चारू, दार उघड, चारू, दार उघड." खाटा सगळ्या भरलेल्या, रात्रीला एकच आया. शेजारच्या खोलीत बाळंतिणी. हमरस्त्यावर ट्रक उलटला की त्यातली माणसं आमच्याच ओसरीवर. मी कुणाकुणाला आवरू? माझा जीव फिजूल गेला असता.

चारुशीला : मला का नाही सांगितलंस?

प्रेमला : सांगून काय झालं असतं? तू औषधाला नको म्हणाली असतीस. आणि घेऊन मात्र गेली नसतीस.

कस्तुराबाई : भांडू नगा गं. दोघी एका ताटात जेवलाव माज्या घरी.

चारुशीला : तेच तर, आई. प्रेमला, रझाकारांच्या साली हैदराबादहून पळून आलो तेव्हा तू हिच्याच घरी राहिलीस ना? आमच्या गावी वाशीला, पावसाळाभर? कुणी विचारलं तर ही सांगायची, माझ्याच बहिणीची पोर आहे.

प्रेमला : विसरले नाही मी.

चारुशीला : दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात आई असती, तर मी बाटली मागून पाहिली असती. वास घेतला असता. विचारून विचारून त्यांना भंडावलं असतं. इथं एकदाही विचारलं नाही. इथं तू होतीस.

प्रेमला : मग मी काय विष घातलं? शेजारच्या खाटेवरच्या रुद्रम्माला तोच चमचा आहे. सकाळी उठून स्वयंपाकघरात जाऊन भांडते. पलीकडच्या मल्लिनाथकाकांनाही तोच. कुणाच्या तोंडावर काही नाही, कुणाची जीभ अडखळत नाही.

चारुशीला : तेच मला कळत नाही. तोच चमचा, तीच बाटली. मग हिलाच का?

कस्तुराबाई : रुद्रम्मा भांडनारच. तिच्या आमटीत मीठ असतंय.

चारुशीला : काय म्हणालीस, आई?

कस्तुराबाई : काय न्हाय.

चारुशीला : प्रेमला, हिच्या आमटीत मीठ नसतं?

प्रेमला : मावशी अळणी जेवतात. कसलंसं व्रत आहे. आमची स्वयंपाकीण, गंगम्मा, त्यांचं आधी वेगळं काढते. मला वाटलं, चांगलंच आहे, रक्तदाबाला बरं.

चारुशीला : भाकरीतही नाही? ताकात?

प्रेमला : कशातच नाही. श्रावण लागल्यापासून. का गं?

चारुशीला : शरीराला मीठ लागतं. मिळालं नाही की मूत्रपिंडं मिठासारखं जे मिळेल ते धरून ठेवतात, बाहेर सोडत नाहीत. ब्रोमाइड मिठाचं चुलत भावंड आहे, प्रेमला. शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. बाकीच्यांचा चमचा लघवीवाटे निघून जातो, हिचा आत साठत गेला. पोळ्यापासून रोज. ही थरथर, ही जीभ, हा विसर, सगळं त्याचं आहे. वयाचं नाही.

प्रेमला : हे डॉक्टरांच्याही लक्षात आलं नाही.

चारुशीला : डॉक्टरांनी हिला कधी नीट पाहिलं? झोपलेलं माणूस कुरकुर करत नाही. त्याला कोण पाहतं?

कस्तुराबाई : म्हंजे म्या येडी न्हाय झाले?

चारुशीला : नाही, आई.

कस्तुराबाई : मला वाटलं झालेच. समदी म्हनत्यात म्हनून. दुपारच्याला डोळा उघडला की कळायचं, काल आपल्याला काय बी कळत न्हवतं. मग लई भ्या वाटायचं. कुनाला सांगावं तर हसतील.

प्रेमला : मावशी, तुम्ही मला का नाही सांगितलंत?

कस्तुराबाई : तूच दूध पाजायचीस की. "प्या मावशी, गुमान झोपा." तुला काय सांगू?

चारुशीला : मी यायची त्याच्या आदल्या रात्रीही द्यायचीस?

प्रेमला : द्यायची.

चारुशीला : मी इथं मुक्कामाला होते, त्या रात्रीही? तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा?

प्रेमला : तूच पेला धरला होतास, चारू.

(बाहेर रस्त्यावर एक ट्रक थांबून पुन्हा निघतो.)

चारुशीला : त्या रात्री तू माझ्याकडं बघून हसली होतीस.

प्रेमला : तू दमलेली होतीस. मी तुझ्यासाठी चहा आणला होता.

चारुशीला : हो. आणलास खरा.

प्रेमला : आता माझंही ऐकून घे. मागच्या खेपेला मावशींनी तुला विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" तू रडलीस. पण ओसरीवर आल्यावर काय म्हणालीस, आठवतं? "आता कुठंही ठेवली तरी तिला सारखंच." तू हलकी झाली होतीस. मी पाहिलं. मांडीचं मोडलेलं हाड, ज्यासाठी तू त्यांना इथं ठेवलंस, ते आषाढातच जुळलं होतं. तेव्हापासून दर महिन्याला तुझं नवीन काहीतरी. खोल्या दोनच आहेत. शाळा तपासायला साहेब यायचेत. सासूबाईंची तब्येत. वय झालं, विसर पडला, हे मी म्हणाले खरं. पण तुला तेच ऐकायचं होतं.

चारुशीला : मला ऐकायचं होतं, म्हणून तू ते खरं करून दिलंस?

प्रेमला : मुद्दाम नाही केलं.

चारुशीला : मुद्दाम नाही. चमचा मुद्दाम, झोप मुद्दाम, माझ्यापासून लपवणं मुद्दाम. पुढचं तेवढं आपोआप झालं.

कस्तुराबाई : चारू, मला पाठीला उशी दे. पडून बोलायला येत न्हाय.

चारुशीला : ही घे. आई, एक विचारू? व्रत कशाचं धरलंस?

कस्तुराबाई : सांगू न्हाय.

चारुशीला : देवीला बोललीस?

कस्तुराबाई : तुळजापूरच्या आईला. बोलून दाखवलं तर फळत न्हाय म्हनत्यात.

चारुशीला : एवढे दिवस फळलं का?

कस्तुराबाई : न्हाय फळलं.

चारुशीला : मग सांग.

कस्तुराबाई : म्हनले, आई अंबाबाई, माजी चारू मला घरी न्यायला येईल त्या दिवशी मीठ तोंडाला लावीन. तवर अळनी.

चारुशीला : मी दर महिन्याला येत होते, आई.

कस्तुराबाई : येत व्हतीस की. पेढे आनायचीस, केस विंचरायचीस. न्यायला न्हाय आलीस.

प्रेमला : मावशी, मुलीच्या घरी कसं राहणार तुम्ही? तिथं तिचे सासूसासरे आहेत. चार लोक काय म्हणतील?

कस्तुराबाई : मला ल्योक असता तर तुज्या दारात कशाला पडले असते, पोरी? एकच लेक हाय. ती शिकावी म्हनून गावानं नावं ठेवली ती ऐकून घेतली, हैद्राबादला धाडली. तवा चार लोक लईच बोलत व्हते.

चारुशीला : आई, लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं तुम्ही जुनी माणसं मानता ना? तुलाच अवघड वाटेल म्हणून मी...

कस्तुराबाई : आसं कोन म्हनलं?

चारुशीला : तू.

कस्तुराबाई : म्या कवा? तूच म्हनलीस आखाडात. म्या ऐकून घेतलं.

प्रेमला : चारू, घाईत काही ठरवू नकोस. चूक झाली, कबूल. आजपासून तो चमचा बंद. जेवणात मीठ सुरू करू, पाणी भरपूर देऊ. मी स्वतः लक्ष घालते. पंधरवड्यात मावशी पहिल्यासारख्या होतील. तोवर तू घरी बोल, खाटेचा इंतजाम कर. मग ने. यात वावगं काय आहे?

चारुशीला : वावगं काहीच नाही. अगदी शहाणपणाचं आहे. आषाढापासून मी असंच शहाणपणाचं वागते आहे.

प्रेमला : सासूबाईंना न विचारता नेशील? दारातूनच परत पाठवतील.

चारुशीला : पाठवतील कदाचित.

प्रेमला : मग?

चारुशीला : मला माहीत नाही, प्रेमला. आई, जरा इकडं सरक. कान जवळ आण, तुला एक सांगायचंय.

कस्तुराबाई : कानात नगं.

चारुशीला : का गं?

कस्तुराबाई : मागं बी कानातच बोललीस. "दिवाळीला नेते, आई." हिला कळू न्हाय म्हनून हळू बोललीस. दिवाळी आली नि गेली. मग मलाच वाटाया लागलं, ती बोललीच न्हाय, माज्याच डोक्यात आलं आसंल. साक्षीला कोन व्हतं? बोलायचं तर मोठ्यानं बोल. हिला ऐकू दे. त्या पलीकडच्या रुद्रम्माला ऐकू दे. नसंल बोलायचं तर जा, मोटार चुकंल तुजी.

चारुशीला : मोटार चुकू दे.

प्रेमला : चारू, नीट विचार कर.

चारुशीला : रुद्रम्मा, जाग्या आहात ना? ऐका. प्रेमला, तूही ऐक. माझी आई आज माझ्या घरी येते आहे, आणि ती तिथंच राहणार आहे.