काळ्या कुत्र्याचं जपानी नाव

…तर म्हणे, नाव जपानीच हवं! का? तर नात जपानी शिकतेय. बरं, जपानी तर जपानी, माझं काय जातंय, पण त्यातही निसर्गातलंच हवं, झाड, पान, वारा, असलं काहीतरी, आणि तुम्हाला सांगते, घरात आणलेलं कुत्रं आंघोळीनंतर पुरतं वाळलंही नव्हतं, तोवर मुलगा, सून, नात, या तिघांची जुंपली. आणि दिवसभर हाक कोण मारणार? मी. हे तिघं सकाळी जे जातात ते दिवेलागणीला उगवतात.

सून म्हणाली, युकी. म्हणजे बर्फ. अगं, कुत्रं कोळशासारखं काळं, डोळे मिटले तर सोफ्याखाली सापडत नाही, आणि बर्फ? मुलगा म्हणाला, सोरा. म्हणजे आकाश. पाय वीतभर, पोट फरशी पुसत चालतं, हे आकाश! नात म्हणाली, ‘आजी, कावा. म्हणजे नदी. किती छान वाहतं बघ नाव.’ नाव वाहतं गं बाई, कुत्रं कुठे वाहतंय? ते रस्त्याच्या मधोमध बसकण मारतं, मागे गाड्या भोंगे वाजवतायत, पुढे मी पट्टा ओढतेय… बरं, तिघं तीन नावांनी हाका मारणार, ते एकाकडेही ढुंकून बघणार नाही. आणि दिवसभर हाक कोण मारणार? मीच ना!

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, पण नाव कुत्र्याकडे बघून ठेवावं, एवढं मला कळतं. रविवारी तिघांना समोर बसवलं. म्हटलं, ‘जो रोज पहाटे याला फिरवून आणेल, नाव त्याच्या पसंतीचं.’ झालं! सुनेला चहा आठवला, मुलाला फोन, नातीला अभ्यास… म्हणजे बघा! मग मीच नातीला धरून बसवलं, एकेक जपानी शब्द वदवून घेतला, पारखला, आणि ठेवलं नाव, इशी. म्हणजे दगड. काळा कुळकुळीत, बसला की हलत नाही, यात खोटं काय आहे? तिघांनी लगेच माना डोलावल्या. वर सून म्हणाली, ‘आई, तुमच्याशिवाय हे कुणाला सुचलंच नसतं.’ मी आपली फुगले की हो!

सोमवारी, बाहेर अजून उजाडायचं होतं, मुलाने माझ्या दारावर टकटक केली.

‘आई, तुझा इशी दाराशी उभा आहे.’

आणि गेला परत झोपायला… काय करता? उठले, चपला शोधल्या. नाव मी ठेवलंय ना… गेले.