पूर्ण वाक्यात

हॅलो?… हॅलो, लुआन?… हो, मीच. हळू बोलायला हवं, एरा आत्ताच झोपलीये… अरे, तू नाही, मी हळू बोलतेय. तू बोल नेहमीसारखा.

फितोरेने स्वयंपाकघराचं दार पायाने ओढून घेतलं. हात पिठाचे होते, म्हणून फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला.

हो… आलाय निकाल. सकाळीच आला… सांगते ना… अरे, ऐक तर. आधी आईंचा सांगते… तुझ्या आईंचा. आणखी कुणाच्या?… शंभरपैकी शहाऐंशी.

…लुआन?… आहेस ना?… नाही, चेष्टा नाही. जर्मनच्या निकालाची चेष्टा कोण करेल या गावात?… तुला सांगितलं होतं मी, तू 'हं' म्हणाला होतास. तू प्रत्येक गोष्टीला 'हं'च म्हणतोस… हां, बघ, आत्तासुद्धा.

क्लासला एराला मांडीवर घेऊन त्या मागच्या बाकावर बसायच्या ना? मी पुढे शिकायचे, त्या मागे तिला थोपटायच्या. एक दिवस शुक्रियेबाईंनी सहज गंमत म्हणून त्यांनाच प्रश्न विचारला. तर यांनी उत्तर दिलं. तेही पूर्ण वाक्यात… अरे, बाईंचा नियमच आहे तो. नुसतं 'हो', नुसतं 'नाही', नुसतं 'मंगळवार' म्हटलं की मार्क कापतात. पूर्ण वाक्यात बोला, म्हणतात, तिकडे तुम्हाला कुणी अर्ध्या वाक्यावर घरात घेणार नाही.

…कोण कोण होतं? कोण नव्हतं ते विचार. अख्खं सुहारेका शिकतंय. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत आता तीन तुकड्या भरतात. न्हावी आहे, प्रिश्तिनाच्या बसचा ड्रायव्हर आहे, दातांचे डॉक्टर आहेत… हो, आपले तेच. पेशंटनी 'आ' केला की ते जर्मनमधून प्रश्न विचारतात, सराव म्हणून… उत्तर कोण देणार? तोंडात कापूस असतो. पण डॉक्टर खूश. ही परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसा नाही, म्हणून नंबर लागायला तीन-तीन महिने थांबतात लोक.

माझा?… सांगते… अरे, दूध उतू जाईल, थांब जरा.

दूध उतू जात नव्हतं. शेगडीवर दूधच नव्हतं. फितोरेने हात धुतले, टॉवेलला पुसले, पुन्हा एकदा पुसले.

…हॅलो. हो. त्रेसष्ट… पास, हो. साठ लागतात… हो रे… हो… अरे, ओरडू नकोस, तुझ्या साइटवरचे सगळे आपल्याच गावचे, संध्याकाळपर्यंत माझ्या माहेरी बातमी जाईल… मला पण… मला पण आनंद झालाय. झालाय म्हणते ना.

काय?… ऑगस्टमध्ये?… म्हणजे तू नाही येणार?… नाही, कळतंय मला. आम्हीच तिकडे येणार, मग तू कशाला सुट्टी घालवायचीस… हं… हं… आता मी 'हं' म्हणतेय, बघ.

नाही, आईंना अजून बोलले नाही मी… काय बोलू? पास झाले, एराला घेऊन चालले?… त्या दारातच आहेत.

सासूबाई खरंच दारात उभ्या होत्या. हातिजे, वय एकसष्ट, डोक्याला पांढरा रुमाल, हातात एराची धुतलेली झबली. त्या ऐकत असल्यासारख्या दिसत नव्हत्या. एकेका झबल्याची घडी करत होत्या, आणि केलेली घडी मोडून पुन्हा करत होत्या.

लुआन, ऐक. तुला एक सांगायचंय… त्या परीक्षेला का बसल्या, ठाऊक आहे?… नाही, हौस नाही.

गेल्या ऑगस्टला तुझे नाइमभाऊ आले होते ना तिकडून, उल्महून, दोन्ही पोरांना घेऊन. तू नव्हतास. एराला आठ दिवसांची बघून गेलास, तो गेलासच… भांडत नाहीये, सांगतेय. तर आईंनी पोरांसाठी फ्लिया केली. अंगणात, पहाटेपासून, निखाऱ्यांवर एकेक थर भाजत. पाठ धरली त्यांची. संध्याकाळी ताटं वाढली, आणि त्यांचा लेओन काहीतरी म्हणाला जर्मनमध्ये. सगळे हसले. नाइमभाऊ हसले, वहिनी हसल्या. आईंनी विचारलं, काय म्हणाला रे? तर म्हणे, काही नाही, आवडलं म्हणाला.

त्यांनी ते वाक्य लक्षात ठेवलं… अर्थ न कळता. नुसता आवाज. जसाच्या तसा, दोन महिने. ऑक्टोबरात क्लास सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी बाईंना विचारलं, याचा अर्थ काय?… बाई फळ्याकडे वळल्या. खडू शोधतेय म्हणाल्या. खडू हातातच होता.

'आपण घरी कधी जायचं?' असं म्हणाला होता तो… हो. आईंच्या अंगणात बसून.

…नाही, रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, बरोबर विचारलं पोराने, उत्तर मात्र कुणी दिलं नाही त्याला. त्या दिवसापासून वही घेऊन बसतात. या ऑगस्टला लेओन आला की त्याच्याशी त्यांना बोलायचंय… काय बोलायचंय, ते नाही सांगत. तयार करतायत.

आणि आता तू म्हणतोस, तू येणार नाहीस. पुढच्या वर्षी एरा पण तिकडून 'घरी कधी जायचं' म्हणत येईल… अरे, मी तुला दोष नाही… थांब. त्या हात पुढे करतायत. फोन मागतायत… घे, बोल त्यांच्याशी.

सासूबाईंनी झबली खुर्चीवर ठेवली. रुमाल नीट केला. फोन दोन्ही हातांनी धरला आणि परीक्षेत बोलल्या होत्या तशा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. मग थांबल्या. शेवटी फोन फितोरेकडे दिला.

"त्याला कळलं नाही," त्या म्हणाल्या.

हॅलो… लुआन, चार वर्षं राहतोस तिथे!… हो, माहितीये साइटवर कुणी जर्मन बोलत नाही… अरे, सोपं आहे, पहिल्या धड्यातलं. त्या विचारतायत, तू घरी कधी येणार?… जर्मनमध्ये का, ते त्यांना विचार… महिन्यांची नावं तरी येतात ना?… मग दे उत्तर. देते त्यांना.

सासूबाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडून एक शब्द आला असावा. त्यांनी मान हलवली, 'नाही' अशी.

"पूर्ण वाक्यात," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या.

मग त्या ऐकत राहिल्या. पलीकडे काहीतरी अडखळलं, थांबलं, मागे जाऊन पुन्हा सुरू झालं. त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, एरा पाऊल टाकते तेव्हा त्यांचा हात तिच्यामागून हवेत जातो, तसे. वाक्य संपलं. त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला, एक आकडा सांगितला, आणि झबली उचलून आत गेल्या.

हॅलो… हो, मीच… नाही, रडत नाहीयेत. काही नाही. मार्क दिले त्यांनी तुला… साठ… शंभरपैकी. अजून कशापैकी?… अरे, साठला पास असतं, लुआन. पास झालास… आता सुट्टीचा अर्ज टाक… हो, आजच. एरा उठली. ठेवते.