न उघडलेला फोटो

ट्रिंऽऽग… ट्रिंग, ट्रिंग. एक लांब, दोन आखूड. ही आमच्या शेतघराची घंटा. अजून कानात आहे.

सन्मान्य अध्यक्षा हाल्डोरा, व्यासपीठावरचे पाद्री सिग्मार, ज्यांच्या निरोपासाठी आपण या वाचनालयात जमलो त्या आपल्या ग्रंथपाल स्टेनव्होरबाई, आणि कॉफी थंड होऊ देणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

खाडीकाठच्या सगळ्या घरांना तेव्हा फोनची एकच तार होती. घंटा आमची वाजली तरी फोन सगळेच उचलायचे. आई मध्येच म्हणायची, "गुदरुन, तुझं दूध उतू जातंय गं!" की पलीकडे खट्कन आवाज. चोरून ऐकणारेसुद्धा किती आपले होते! आज खिशातल्या या यंत्राला कोण कान लावून बसलंय, सांगता येईल कुणाला?

आम्हा म्हाताऱ्यांना संशय घ्यायला बाईंनी शिकवलं. दर गुरुवारी घरच्या क्लेनूर, त्या पिळाच्या गोड पुऱ्या, तळून आणायच्या, आणि त्या आमच्या तोंडात असतानाच दरडावायच्या: "अनोळखी दुवा उघडायचा नाही. कोड पोटच्या पोरालाही सांगायचा नाही. आवाज आता हुबेहूब बनवता येतो; घरच्यांनाच ठाऊक असेल अशी एखादी खूण ठरवून ठेवा."

एकाने अर्धी कविता म्हणायची, दुसऱ्याने ती पुरी करायची, ही तर आपल्याकडची रीतच. मी म्हटलं, "आमचा बेर्गुर लहान असताना मी त्याच्यासाठी रचलेली कविता. अर्धी मी म्हणेन, उरलेली तो."

"त्याला आठवेल का पण?"

"बाई, मास्तरचा मुलगा आहे तो!"

गेल्या महिन्यात नॉर्वेहून अनोळखी नंबर आला. "बाबा, मी बेर्गुर. फोन समुद्रात पडला, हा नवा नंबर. आजोबा झालात! फोटोचा दुवा पाठवलाय, उघडा ना."

आवाज त्याचाच. खोकलाही त्याचाच. सून बाळंत व्हायची होती हे खरं. पण ते इंटरनेटवर जगभर मीच सांगितलेलं! मी म्हटलं, "खाडीवरती धुकं उतरलं, दिवा लाव रे कोणी… पुढे?"

"आत्ता? कविता? बाबा, अहो…"

मी फोन ठेवला. तो नंबरच बंद करून टाकला. मग सुनेच्या नावाने फोन आला. म्हटलं, टोळीच दिसते! बेर्गुरचा जुना नंबर लावला, तर मुका.

बाई म्हणाल्या, "शाब्बास मास्तर!" पण शाब्बासकीने मन स्वस्थ होतं का हो? तो दुवा अजून तसाच आहे. बोट जवळ जातं, मागे येतं. मी चोराला अडवलंय, की स्वतःच्या नातवंडाला दाराबाहेर उभं केलंय? बाई, तुम्ही चाललात; आता हे मी कुणाला…

कोण आहे दारात? वारा येतोय आत. दाढीवाला कोण हा? छातीशी गाठोडं कसलं?

थांब. तिथेच थांब. खाडीवरती धुकं उतरलं, दिवा लाव रे कोणी…

"बाबा, पुढचं मला शाळेतही आठवलं नव्हतं. भर वर्गात कोपऱ्यात उभं केलं होतंत. आता हिला तरी आत घ्या!"

…मंडळी, हा माझाच. खूण पटली.

स्टेनव्होरबाई, तुमचे उपकार फार आहेत. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला. आणि दार लावा रे कुणीतरी, बाळाला वारा लागतोय!