गुरुवारची गिरणी

आमी मूळचे हितलेच, चाकणच्या अंगाला आमचं गाव, आन् काय सांगू तुम्हाला, लिहून घ्या भाऊ, आमचा पणजा चाकणात शिंकला तर भोसरीतल्या म्हशी दावं तोडायच्या, तोच आवाज माझ्याकडं आलाय. जमिनी कंपन्यांत गेल्या, कंपन्यांमागं लातूर-बीडची पोरं आली, त्यांना आमी खोल्या भाड्यानं दिल्या, आन् आमच्या मंडळींनी, म्हंजी मंगलनं, पुढच्या पडवीत पिठाची गिरणी टाकली. गिरणी तिचीच, मी नुसता बोलायला.

आता आमच्या भागात कंपनीला सुट्टी गुरुवारची, आन् लाइनबी गुरुवारीच जाती, दुरुस्तीसाठी, सकाळपासून पार उन्हं कलेपर्यंत. म्हंजी बघा, कामगार माणूस सुट्टी म्हणून ज्वारीचा डबा घेऊन येणार, आन् गिरणी मुकी. मंगल म्हणायची, अवो, माझ्या गिऱ्हाइकाला एकच वार मोकळा, आन् त्योच माझ्या गिरणीला उपास, एकदा तरी गुरुवारी गिरणी फिरताना ऐकू द्या मला.

बास, मी पेटलो. बाया, भाडेकरू पोरं, सगळ्यांना घेऊन वीज हाफिसात गेलो, म्हणलं दुरुस्तीचा वार बदला, न्हाईतर आमाला सूर्यावर चालू द्या. सायेब म्हणाले, काका, सावकाश बोला. सावकाश? राव, मी असा बोललो की भिंतीवरचं घड्याळ थांबलं. ते आदीच बंद होतं म्हणतात लोक, म्हणू द्या. वार काय बदलला न्हाई, पण छपरावर सोलरच्या प्लेटा चढल्या.

मग पहिला गुरुवार. गाव गोळा झालं, नारळ फुटला, मंगल ठेवणीतलं पातळ नेसली. ऊन असं की कावळा सावलीला माझ्या टोपीखाली शिरला. लाइन गेली, आन् गिरणीबी गपगार! वायरमन पोट धरून हसला, म्हणाला, काका, लाइन गेली की हे सोलर आपोआप बंद पडतं, न्हाईतर खांबावर चढलेल्या मला तुमचा सूर्य झटका देईल, गुरुवारी चालवायचं तर बॅटरीवालं पायजे व्हतं. सगळी हसली, मीबी हसलो. मंगल हसली न्हाई. गिरणीवर फडकं टाकत म्हणाली, ऱ्हाऊ द्या आता.

ऱ्हातोय व्हय मी? पुन्हा हाफिस, पुन्हा परवानगी, पुन्हा तपासणी. तोवर पिठाच्या धुरळ्यानं तिला दमा लागला, डॉक्टर म्हणाले, गिरणीच्या आसपास फिरकायचं न्हाई. ती दिघीला लेकीकडं गेली. बॅटरी जोडून झाली ती त्याच्यानंतर.

आता गुरुवारी अख्ख्या आळीचे पंखे थांबतात, आन् आमची गिरणी तेवढी बोलती. दळण बदललं की पहिली मूठ ज्वारी टाकून आतलं आदलं पीठ काढायचं, ते चिमण्यांना घालायचं, ही तिची रीत, मीबी तसंच करतो. मग तिचा फोन येतो. सुरुवातीला मी गावभरच्या बातम्या लावायचो, तर म्हणाली, तुमी गप बसा वो, गिरणीजवळ धरा नुसता. तवापासून धरतो. हिकडं गिरणी, तिकडनं तिचा दम लागल्याला श्वास, आन् मधी मी, तोंड मिटून. माझ्यासारखा माणूस!

तुमच्या घरची माणसं तुमच्या घरात ऱ्हावोत, भाऊ, एवढंच मागणं. ते लिहायचं थांबवा आता. पंखा थांबला बघा. जरा गप बसू, तिचा फोन यील.