गुरुजींनी दिलेली एक जुलै

समारंभाचे अध्यक्ष माननीय चंपतरावजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या शाळेचे हेडमास्तर श्रीधर गुरुजी, शिक्षकवृंद, आणि सक्करदऱ्याच्या माझ्या बंधूंनो, मायबहिणींनो,

पालकांच्या वतीनं बोलण्याचा मान विणकर सोसायटीच्या ताराचंदला, म्हणजे मला, मिळाला आहे. सोसायटीच्या सभेत मी सुताच्या भावावर तासभर बोलतो. गुरुजींवर बोलताना मात्र जीभ जड होते.

गुरुजींचे उपकार कोणते सांगू? ज्यांचा वाढदिवस उद्या, एक जुलैला, त्यांनी जरा हात वर करा. बघा अध्यक्ष महाराज, निम्मं सभागृह! आमच्या बायकांना पोर कोणत्या सणाला झालं ते आठवतं, तारीख नाही. आम्ही पोराला शाळेत आणून उभं करायचो आणि गुरुजी अंदाजानं एक जुलै लिहायचे. पोर फारच लहान असलं तर वर्ष-दोन वर्षं पदरची घालायचे. घरी मागाजवळ बसून राहण्यापेक्षा चार अक्षरं शिकेल, एवढाच हेतू. खुद्द गुरुजींची तारीखही त्यांच्या मास्तरांनी अशीच लिहिली. म्हणून तर अजून दोन वर्षं शिकवायचा दम असताना ते आज निवृत्त होत आहेत. हसा, हसण्यासारखंच आहे.

माझी गोपिका शाळेत आली तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई तुळजाबाई म्हणाली, मारबतीच्या दिवशी झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजींनी सहा वर्षं लिहिली. मी त्यांच्या पाया पडलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात उमरेडचे पाहुणे तिला बघायला आले. आता मुलीला अठरा पूर्ण लागतात, कायदाच तसा झाला आहे. मी शाळेचा दाखला पुढे ठेवला आणि म्हणालो, अठरा कधीच झाले. गोपिका पाणी घेऊन तिथंच उभी होती. तिला नर्सचं शिकायचं होतं, मी कानाडोळा करत आलो होतो. पुढच्या आठवड्यात ती दाखला घेऊन घरातून गेली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कामाला लागली, तिथंच राहू लागली.

मी पोलिसांकडे गेलो. मुलीवर बापाचा हक्क असतो, असं ऐकून होतो. साहेबांनी तिला बोलावलं. तिनं तोच दाखला टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, मुलगी सज्ञान आहे, मर्जीविरुद्ध तिला कुणी नेऊ शकत नाही. तुळजाबाई पदर पसरून सांगत होती, "सोळाचीच आहे जी साहेब, म्या जलम देला तिले." पण आईच्या सांगण्यापेक्षा दाखला मोठा. गोपिका माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "बाबा, पाहुण्यायले माहं वय तुमीच सांगतलं होतं." त्यानंतर ती आमच्याशी बोललेली नाही. तिची आई दर आठवड्याला दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते.

गेल्या आठवड्यात मी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, निवृत्त व्हायच्या आधी तारीख अंदाजाची होती एवढं लिहून द्या, मी कोर्टात जातो. गुरुजी म्हणाले, "लिहून देतो, ताराचंद. पण पोरगी सोळाची होती, तर तिचं लग्न काहून जमवून राहिला होता, हे कोर्ट विचारेल तुले."

मंडळी, मी काय करावं? मुलगी लहान म्हणावी तर बाप गुन्हेगार. मोठी म्हणावी तर बाप कुणीच नाही. वकील म्हणाले, तसंही निकाल लागेपर्यंत ती खरोखरच अठराची होईल. मी घरी येऊन मागावर बसलो.

उद्या ज्यांचा वाढदिवस आहे त्या सगळ्यांना माझ्या शुभेच्छा. कागदावर गोपिकाही उद्या वीस वर्षांची होते. घरी तिची आई अजून सतराच मोजते आणि यंदा पोळा उशिरा यावा म्हणते. मारबतीच्या दिवशी आईच्या हिशेबानंही ती सज्ञान होईल. मग तारीख चुकली होती, असं म्हणायची सोयसुद्धा राहणार नाही.

गुरुजी, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आणि ते खऱ्या तारखेपासून मोजलं जावो. अध्यक्षांनी मला वेळ दिला, त्यांचा मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी घरचं रडगाणं गायलो, ते पोटात घाला. एकच विनंती. आपल्यापैकी कुणी रामदासपेठेत त्या दवाखान्यात गेलं आणि ती दिसली, तर आई फाटकाशी येते, एवढं सांगा. माझं नाव नाही घेतलं तरी चालेल.